विश्लेषण : आजीच्या वाकळेवर नाव कुणाचे?

मुरुडसारख्या गावांत जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ अजून ट्रंकेत सापडते. ती कुणी शिवली, हे मात्र घरातल्या नातवंडांनाही सांगता येत नाही. घरची कला आणि कलावंत यांच्यातली ही दरी कशी मिटते? डहाणूचे उदाहरण बोलके आहे.

जिव्या सोमा म्हसे यांनी काय केले?

वारली लग्नात भिंतीवर चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. तांदळाचे पीठ, गेरूची भिंत आणि बांबूची काडी एवढेच साहित्य. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद नेला. गंजाडच्या म्हसे यांनी त्यावर लग्नाचा चौकच नव्हे, तर तारपा, मासेमारीचे जाळे, शेत, मुंग्या असे सारे भोवताल उतरवले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचे प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. गाव न सोडता ते जगभर पोहोचले.

मग उणे कुठे राहिले?

ज्या सवाशिणींनी पिढ्यानपिढ्या भिंती रंगवल्या, त्यांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत. आज वारली नक्षी कपांवर आणि शर्टांवर छापली जाते. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याने कलेच्या नावाला संरक्षण मिळते. चित्र काढणाऱ्या हाताला मजुरी मिळेलच असे नाही.

अमेरिकेत काय घडले?

अलाबामातील जीज बेंड या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ मध्ये त्या ह्यूस्टन व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या, त्याही शिवणारीच्या नावासह. तरीही पुढे काही जणींना मोबदल्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. म्हणजे नाव हवेच, पण नुसते नाव पुरत नाही.

मुरुडने काय करावे?

वाकळेतही रचना असते. कोणता तुकडा कुठे लावायचा, कोणत्या रंगाशेजारी कोणता आणि धावदोरा किती जवळ घालायचा, हे शिवणारीच ठरवते. तेव्हा शाळेच्या चित्रकला शिक्षकांनी मुलांना एक काम द्यावे : घरातल्या वाकळेचा मोबाइलवर फोटो काढा, कुणी, कधी, कुणाच्या लुगड्याची शिवली ते विचारून लिहा. ग्रामपंचायतीने ती वही जपावी. विकत घेणाऱ्याने कापड जुने म्हणून भाव पाडू नये, शिवायला लागलेले दिवस मोजावेत.

मुरुडमधून उद्या मोठा चित्रकार घडेल किंवा घडणारही नाही. पण आजी आज सांगू शकते. वही आजच उघडायला हवी.