बॅटरीचा उजेड आणि मनातली गाठ

मैत्रिणींनो, परवा रात्री दिवे गेले आणि आमच्या धाकट्याने बॅटरी लावून तळहाताखाली धरली. हात कसा लालबुंद दिसायला लागला! "आई, उजेड पांढरा, मग हात लाल का गं? आणि हाडं का नाही दिसत?" अहो, शाळेत शिकवणारी मी, पण क्षणभर गप्पच झाले!

उत्तर तसं सोपं आहे. रक्त निळा-हिरवा उजेड शोषून घेतं, तांबडा बराचसा पार होतो. पण दुधात शिरलेल्या किरणासारखा तोही मांसात विखुरतो, म्हणून हाडांची सावली दिसत नाही.

हीच गोष्ट डॉक्टरांनी बायकांच्या एका मोठ्या काळजीसाठी वापरून पाहिली. न्यूयॉर्कच्या डॉ. मॅक्स कटलर यांनी १९२९ साली स्तनाला दिवा लावून आतल्या सावल्या तपासल्याचं लिहिलं. पाण्याची गाठ उजळ दिसे, घट्ट गाठ काळपट. पण लहान गाठी निसटून जात.

आता तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतात. चरबी, पाणी, रक्त तो कमीअधिक शोषतात. कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्या वाढवते, म्हणून तिथे रक्त जास्त. किती प्रकाश शोषला, किती विखुरला, याचा हिशेब संगणक मांडतो. यात क्ष-किरण नाहीत. औषध लागू पडतंय का, हेही त्यातून कळेल का याचा अभ्यास चालू आहे. मात्र चित्र अंधुकच येतं. मॅमोग्राफीची जागा या तपासणीने घेतलेली नाही.

हे सारं सांगायचं कारण आमच्या जाऊबाई. त्यांच्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती. कुठूनसं ऐकून त्यांनी न्हाणीघरात बॅटरी लावून पाहिली. काळं काही दिसलं नाही, म्हणून चार महिने अवाक्षर काढलं नाही. खरं कारण लाज! शेवटी मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गाठ कर्करोगाचीच निघाली. उपचार झाले, आज त्या बऱ्या आहेत. पण त्या चार महिन्यांची हळहळ काही जात नाही.

तेव्हा बॅटरी मुलांच्या खेळालाच राहू द्या. गाठ लागली, कातडीला खळी पडली, स्तनाग्रातून रक्त आलं, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि हो, जावेला, नणंदेलाही एकदा जवळ बसवून विचारा. मनातली गाठ आधी सुटायला हवी ना!