लोनाड पांडवांचे नव्हे

संपादक महोदय,

लोनाडची लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली नाहीत. ‘गोदामांच्या भिवंडीत पाहण्यासारखे काय?’ असे विचारणाऱ्या आपल्या प्रवासलेखाने ही दंतकथा इतिहास म्हणून छापली, हे गैर आहे. भिवंडी तालुक्यातील हे लेणे बौद्ध आहे. त्यातील राजपरिवाराचे मोठे शिल्प शांतपणे न्याहाळावे असे आहे. आत आज खांडेश्वरी देवीची पूजा होते, एवढ्यावरून ते मुळात देवीचे मंदिर ठरत नाही.

गावातील भग्न शिवमंदिर वेगळे, शिलाहारकालीन. लेखात दोन्ही एकाच काळात ढकलली आहेत. प्रत्यक्षात त्यांत काही शतकांचे अंतर आहे. जवळच्या चौधरपाड्याचा तर उल्लेखही नाही. तेथील शिलालेख शिलाहार राजा केशिदेवाचा, शके ११६१ म्हणजे इ. स. १२४० चा आहे. राजाचे नाव आणि साल दगडावर कोरलेले असताना दंतकथेचा आधार कशाला?

गोदामे आहेत, हे खरे. पण महामार्ग सोडताच भातखाचरे लागतात, आणि लेणी, मंदिर व शिलालेखाची जागा एका दिवसात पाहून होते. पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, भिवंडी