अफू, ॲस्पिरिन आणि आमचे ‘नॅचरल’वाले

मंडळी, आमच्या डोंबिवलीत ‘केमिकल’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. त्यात नवल नाही. २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात एमआयडीसीतले स्फोट ज्यांनी ऐकले, त्यांना रसायनांचं प्रेम कुठून येणार? पण कारखान्यावरचा राग औषधाच्या गोळीवर काढायचा, हे काही मला पटत नाही. “आम्ही बाई फक्त नॅचरल घेतो!” असं ऐटीत सांगणारे हल्ली लग्नकार्यात, लोकलमध्ये, सगळीकडे भेटतात.

त्यांना माझा एकच प्रश्न. मॉर्फीन नॅचरल की केमिकल?

अफूच्या बोंडाला चिरा पाडल्या की चीक येतो, तो सुकला की अफू. त्यात साधारण दहा टक्के मॉर्फीन. म्हणजे रेणू झाडानेच घडवलेला, माणसाने तो फक्त वेगळा काढला. याहून नैसर्गिक ते काय असायचं? आणि नेमकं हेच औषध डॉक्टरांनी लिहून दिलं की नॅचरलवाले सगळ्यात आधी दचकतात. “अगंबाई, अफू!”

आता पुढची गंमत ऐका. (मी मराठीची बी.ए., पण एम.एस्सी. झालेल्या पुतणीने कागदावर चित्र काढून समजावलं.) मॉर्फीनच्या रेणूत दोन हायड्रॉक्सिल गट असतात. त्यातल्या ठरावीक एकावर मिथिल गटाची टोपी घातली की झालं कोडीन. अफूत ते मुळातही थोडं असतं, पण पुरत नाही, म्हणून बरंचसं कारखान्यात मॉर्फीनपासूनच करतात. आणि पोटात गेल्यावर आपलं यकृत त्यातल्या काहींची टोपी काढून परत मॉर्फीन करतं! आता यात नॅचरल कुठे संपलं नि केमिकल कुठे सुरू झालं, सांगा पाहू.

मिथिलऐवजी दोन्ही जागी ॲसिटिल गट बसवला तर होतं हेरॉइन. तोच ॲसिटिल गट सॅलिसिलिक आम्लावर बसवला तर ॲस्पिरिन. हे आम्ल पूर्वी विलोच्या सालीतल्या सॅलिसिनपासून काढत. ते पोटाला फार जाळायचं, ॲसिटिलमुळे सुसह्य झालं. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने ही दोन्ही १८९७ च्या ऑगस्टमध्ये, थोड्याच दिवसांच्या अंतराने बनवली. एक घरोघरी पोचलं, दुसऱ्यासाठी आज तुरुंग आहे. गट तोच हो, बसला कुठे ते महत्त्वाचं. आणि मात्रा किती, तेही.

‘पूर्वीचं नैसर्गिक बरं होतं’ म्हणणाऱ्यांना मुंबईच्या गिरण्यांच्या काळातली बाळागोळी आठवत नसावी. आई पाळीवर गेली की पोर झोपून राहावं म्हणून अफू द्यायचे. तीही नैसर्गिकच होती.

हे सगळं चिडून लिहितेय, कारण आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या यजमानांना शेवटचे तीन आठवडे मॉर्फीनच्या गोळ्या कपाटात असताना तळमळत काढावे लागले. “सवय लागेल” म्हणून नातेवाइकांनी देऊ दिल्या नाहीत. काढे मात्र तिन्हीत्रिकाळ. तीन आठवड्यांच्या पाहुण्याला कसली सवय लागणार होती?

आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मात्र रुग्णालयांना मॉर्फीन ठेवणंच जिकिरीचं करून टाकलं होतं. २०१४ मध्ये कायदा बदलून परवान्यांची कटकट कमी केली. एवढ्या खटपटीने औषध घरापर्यंत यायचं आणि आपणच ते कपाटात कुलूपबंद करायचं!

असो. कुणाच्या घरी ही वेळ आली तर भीती बाजूला ठेवून डॉक्टरांना नीट विचारा: किती, किती तासांनी, मधेच दुखलं तर काय. मनाने कमीजास्त करू नका, आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. बद्धकोष्ठ बहुतेक होतंच, तेव्हा त्याचं औषध त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.