डिस्टिलरीचा विस्तार आणि आपलं पाणी: मोबाइलवर 'परिवेश' कसं बघायचं?

वालचंदनगर साखरेवर उभं राहिलेलं गाव. इथे गप्पा उसाच्या बिलावरून सुरू होतात आणि हल्ली इथेनॉलवर संपतात. परवा अशाच गप्पांत एका मित्राने विचारलं, "डिस्टिलरी मोठी करायची असेल तर गावाला विचारतात का रे?" मी फोन काढला आणि नियम वाचायला बसलो.

2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठी पाणी, हवा, जमिनीवर काय परिणाम होईल याचा अहवाल तयार होतो. यालाच ईआयए म्हणतात. मग किमान 30 दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी होते. अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो.

आता ट्विस्ट. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट सरकारने 2030 वरून 2025-26 वर आणलं. वेग हवा म्हणून 2021 मध्ये नियम बदलला. आधीची पर्यावरण मंजुरी असलेला कारखाना फक्त या योजनेच्या इथेनॉलसाठी विस्तार करत असेल, तर तो 'बी-2' गटात जातो. या गटाला ईआयए अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही.

इथेनॉलमुळे उसाचे पैसे वेळेवर मिळायला मदत होते, हे मला मान्य आहे. पण मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश निघतं. ते प्रक्रिया न करता ओढ्यात गेलं तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, विहिरी खराब होतात. आपल्या खाली नीरा आहे, पुढे भीमा.

उशिरा हिशेब मांडला की काय होतं, ते पॅसिफिकमधल्या नाऊरू बेटाने भोगलंय. खतासाठी लागणारं फॉस्फेट काढून काढून बेटाचा मधला भाग उजाड झाला. 1989 मध्ये नाऊरूने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. 1993 मध्ये तडजोड होऊन पैसे मिळाले, पण गेलेली जमीन तशीच राहिली.

मग सुनावणी नसेल तर आपण काय करायचं?

1. केंद्र सरकारचं 'परिवेश' पोर्टल उघडा आणि प्रस्ताव शोधायच्या पर्यायात राज्य व प्रकल्पाचं नाव टाका.
2. मंजुरीपत्र डाउनलोड करून त्यातल्या अटी वाचा. पाणी कुठून आणि किती घेणार, सांडपाण्याचं काय करणार, हे तिथे असतं.
3. केएमएल फाइल मिळाली तर ती गूगल अर्थमध्ये उघडा. प्रकल्पाची हद्द तुमच्या विहिरीपासून किती लांब आहे, ते लगेच दिसेल.
4. अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल कारखान्याला दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. अर्ज केला की कुणालाही प्रत मिळते.

माझ्या मते चौथा मुद्दा सगळ्यात कामाचा. सुनावणी झाली तरी एकदाच होते, हा अहवाल मात्र दर सहा महिन्यांनी येतो. मंजुरीपत्र आणि अहवाल शेजारी ठेवून वाचा. जिथे फरक दिसेल, तो मुद्दा ग्रामसभेत मांडा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

रील बघता बघता दहा मिनिटं जातातच. त्यातली पाच आपल्या पाण्याला देऊन बघा.