मोटारीचे दुखणे आणि जाणता कारागीर

काशीयात्रा हा मराठी कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. पूर्वी ही यात्रा पायी होई, पुढे ती आगगाडीने होऊ लागली, आणि आता पुष्कळ कुटुंबे घरच्या मोटारीनेच नागपूर, जबलपूर, रेवा, मिर्झापूर या मार्गाने वाराणसीस जातात. नागपुरापासूनच हे अंतर सातशे किलोमीटरांहून अधिक भरते. बरोबर वडीलधारी मंडळी आणि लहान मुले असतात. मे-जून महिन्यांत त्या प्रदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. अशा वेळी निर्जन रस्त्यावर इंजिन बंद पडले, तर ती केवळ गैरसोय राहत नाही; वृद्धांच्या आणि मुलांच्या जिवावर बेतण्यासारखा तो प्रसंग असतो.

मोटार दुरुस्त करणे हे आपणा सर्वांचे काम नव्हे. परंतु तिचे दुखणे वेळीच ओळखणे आणि ते कारागिरास नीट सांगणे, ही दोन कामे मालकाचीच आहेत. रोगी आपली लक्षणे सांगतो आणि निदान वैद्यावर सोपवतो, तोच न्याय येथे लागू पडतो.

या बाबतीत वाराणसीच्याच एका उद्योगाशी निगडित असलेली रीत लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील डिझेल रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले. २०२० साली त्याचे नाव ‘बनारस रेल्वे इंजिन कारखाना’ असे झाले, आणि आता तेथे प्रामुख्याने विजेची इंजिने तयार होतात. अशी डिझेल इंजिने ज्या शेडमध्ये सांभाळली जातात, तेथे ती बंद पडण्याची वाट कोणी पाहत नाही. ठरावीक मुदतीने त्यांतील वंगणतेलाचा नमुना काढून प्रयोगशाळेत तपासतात. तेलात तांब्याचे किंवा शिशाचे कण वाढले, तर बेअरिंग झिजू लागले आहे असा संशय धरतात. थंडाव्याच्या पाण्यातील क्षारांचे अंश सापडले, तर पाणी कोठेतरी झिरपत आहे असे समजतात. आपणापाशी प्रयोगशाळा नसली तरी डोळे, कान आणि नाक आहेत. त्यांचा उपयोग मात्र केला पाहिजे.

प्रथम उष्णतेचा विचार करू. उष्णतादर्शक काटा तांबड्या रेषेकडे सरकू लागला किंवा तांबडा दिवा लागला, की वातानुकूलन बंद करावे, गाडी सुरक्षित जागी बाजूस घ्यावी आणि इंजिन थांबवावे. गोदौलिया किंवा लंका भागातील गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने चालते, वारा लागत नाही, आणि सारा भार पंख्यावर पडतो; मोकळ्या रस्त्यावर न दिसलेला दोष अशाच ठिकाणी उघड होतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे ते शंभर अंशांहूनही अधिक तापलेले असते, आणि झाकण सैल होताच उकळती वाफ चेहऱ्यावर व हातांवर येते. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, कारण त्याने धातूला तडा जाण्याचा संभव असतो.

दुसरी खूण वंगणाची. दर्शकफलकावर तेलाच्या झारीसारखे तांबडे चिन्ह चालू गाडीत उजळले, तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असा विचार मनात आणू नये. हा दिवा वंगणाचा दाब गेल्याचे सांगतो, आणि वंगणावाचून इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकते. तेलकांडी बाहेर काढून पाहिल्यावर तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे हे निश्चित समजावे.

तिसरी खूण धुराची. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. कित्येकदा हवेची गाळणी तुंबलेली एवढेच त्याचे कारण असते. थंडीच्या सकाळी दिसणारी विरळ वाफ निरुपद्रवी असते. परंतु दाट पांढरा धूर सतत येत असेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर थंडाव्याचे द्रव्य सिलिंडरमध्ये शिरत आहे. जळक्या वायूचा वास गाडीच्या आत येऊ लागला, तर खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी खाली उतरावे. त्या वायूत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि तो प्राणघातक असतो.

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा स्थिर असल्यास गाडी लवकर दाखवावी. तो लुकलुकत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही असे समजून वेग कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर थांबावे.

पावसाळ्यात एक निराळाच धोका असतो. गंगेस पूर आला की वरुणेचे पाणी मागे फिरते आणि सखल वस्त्यांत शिरते. ९ सप्टेंबर १९७८ रोजी वाराणसीस गंगेची पातळी ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना किल्ली फिरवली, तर दट्ट्याचा दांडा वाकतो आणि साधी सफाई होण्याऐवजी सारे इंजिन उघडावे लागते. अशी गाडी ओढूनच कारखान्यात न्यावी.

आता कारागिराविषयी. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकवला जातो. असे शिक्षण आणि हाताखालचा अनुभव या दोहोंची चौकशी करण्यात संकोच मानू नये. त्याच्याकडे गेल्यावर ‘अमुक भाग बदला’ असे सांगू नये. दोष केव्हा दिसतो, इंजिन थंड असताना की तापल्यावर, चढावर की उभ्या गाडीत, आवाज वेगाबरोबर वाढतो काय, हे कागदावर टिपून न्यावे. आजच्या गाड्यांतील संगणक दोषाचा सांकेतिक क्रमांक दाखवतो. पण तो क्रमांक हेही एक लक्षणच आहे. प्राणवायूमापक बिघडल्याचा संकेत कधी धुराच्या नळीतील साध्या भोकामुळेही मिळतो. म्हणून क्रमांक वाचताच भाग बदलणाऱ्यापेक्षा, क्रमांक वाचून तपासणी करणारा कारागीर पसंत करावा.

काम सुरू होण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, अंदाजाबाहेरचे काम विचारल्यावाचून करू नये असे स्पष्ट सांगावे, बदललेले जुने भाग परत मागावेत आणि पावती जपून ठेवावी. सेवेत कसूर झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते; त्या वेळी हेच कागद उपयोगी पडतात. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा मदतीचा क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा.

यात्रेस निघण्यापूर्वी निदान आठवडाभर आधी गाडी तपासून घ्यावी, म्हणजे निघालेले काम उरकण्यास अवधी मिळतो. पाण्याची झिजलेली नळी गावातच बदलली, तर खर्च थोडा येतो. तीच नळी दुपारच्या उन्हात रस्त्यावर फुटली, तर इंजिन जाते आणि घरची मंडळी उघड्यावर पडतात. शिदोरी बांधताना आपण जितकी काळजी घेतो, तितकीच या तपासणीतही घ्यावी.