देठ कोणी व्हायचे?

बँकेत असताना भागीदारी पेढ्यांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत. ताळेबंद उघडण्यापूर्वी मनात एक प्रश्न येई : अडचणीच्या वर्षी यांतील कोण आपला वाटा सोडील? हाच प्रश्न मातीतील एका सूक्ष्म जीवापुढेही असतो, हे निवृत्तीनंतरच्या वाचनात उमगले.

'डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम' हा तो अमीबा. केनेथ रेपर यांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जिवाणूरूपी अन्न मुबलक असते तोवर प्रत्येक पेशी स्वतंत्र राहते. उपासमार सुरू झाली, की पेशी 'सायक्लिक एएमपी' हे रसायन सोडून एकमेकींना हाक देतात. हजारो पेशी एकवटतात आणि एकच देह होऊन सरपटू लागतात. अखेरीस तो देह उभा राहतो. सुमारे २० टक्के पेशी देठ बनून मरतात. उरलेल्या देठाच्या टोकाशी बीजाणू होऊन तग धरतात.

मात्र येथेही लबाडी आहे. निरनिराळ्या वंशांच्या पेशी एकत्र आल्या, तर काही वंश देठाचा भार इतरांवर टाकून बीजाणूंत आपला वाटा वाढवतात. जोन स्ट्रासमन व डेव्हिड क्वेलर यांनी २००० साली हे दाखवून दिले. अशीच लबाडी करणारा एक बदललेला वाणही सापडला. तो इतरांत मिसळला की फोफावतो. एकटा ठेवला तर त्याला बीजाणू जेमतेमच करता येतात. सारेच लबाड झाले, तर लुबाडायला कोणी उरत नाही.

आपल्या शरीराने यावर तोडगा काढला आहे. त्याचा आरंभ एकाच पेशीपासून होतो, म्हणून सर्व पेशी सख्ख्या ठरतात. तरीही एखादी पेशी शिस्त मोडून केवळ स्वतःचीच वाढ करू लागते. त्यालाच आपण कर्करोग म्हणतो. म्हणजे सख्ख्यांतही देखरेख लागतेच.

तीन भावांच्या एका पेढीचे प्रकरण आठवते. थोरल्याने शिक्षण सोडून दुकान सांभाळले होते, आणि वर्षानुवर्षे त्याची उचल सर्वांत कमी होती. वाटणीच्या वेळी मात्र कागदावर तिघे समान ठरले. अमीबाचा देठ तक्रार करीत नाही. तोही काही बोलला नाही. पेढी मात्र पुढे फार काळ टिकली नाही.

येत्या पाडव्याला नव्या वह्या उघडताना जमाखर्चाबरोबरच घरात देठ होऊन कोण उभे आहे, तेही एकदा पाहावे. त्याचा वाटा त्याच्या हयातीतच, लेखी ठरवावा.