पहिल्या १५१चं सोवळं

पोकेमॉनचा सुवर्णकाळ कोणता, या वादात सोवळं फार. पहिले १५१ तेवढे खरे, बाकी खोगीरभरती, असं म्हणणारे १९९६च्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ची शपथ घेतात. त्यांच्या आवडीबद्दल माझी तक्रार नाही. ‘आपलं सगळ्यांचं बालपण’ हे शब्द मात्र खटकतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या सोनाळ्यात गेमबॉय कुठला? पोकेमॉन आला तो कार्टून नेटवर्कवरून, हिंदी बोलत. तोही भारनियमनातून वाचला तर. खेळ हाती पडला कितीतरी वर्षांनी. मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून घेतलेला, २००४चा ‘एमराल्ड’. म्हणून माझी लाडकी पिढी तिसरी. कार्डात तीच होती.

‘चोरीचा खेळ, तो कसला धरायचा?’ असं ऐकवतात. जिथे कुणी विकायलाच आलं नाही, तिथे विकत घ्यायचा कुठून? २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ आला, तर त्याचेही पोकेस्टॉप शहरात दाट, खेड्यात विरळ.

गंमत बघा, हा खेळ ज्यांनी रचला ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत हिंडायचे. कल्पना त्यातूनच सुचली. मिरगाचे लाल किडे काडेपेटीत साठवणाऱ्या पोरांना ती कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा ‘आपलं’ म्हणायचं असेल तर आम्हा मेमरी कार्डवाल्यांनाही त्यात धरा. नाहीतर सरळ ‘आमचं’ म्हणा.